घळीतली अडतीस पाखरं

लॉरेल घळ, केंटकी
१२ फेब्रुवारी २००७

मिस्टे,

मी अल्मीडा स्लोन. तुझ्या बापाची आई. ओळख पटावी म्हणून खूण सांगते: डाव्या भुवईवर व्रण आहे, आणि तो तू फेकलेल्या कणसाचा आहे. आता आठवलं? नाताळात पत्र टाकते म्हणाली होतीस. कुठल्या वर्षीच्या नाताळात, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझीच.

फोनचं म्हणशील तर फोनवर मला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे मी कबूल करत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. मी बोलते, व्हर्ना लिहिते. व्हर्ना कॉडिल म्हणजे दर सोमवारी वाचनालयाची गाडी घेऊन घळीत येते ती. मी तिच्याकडून चित्रांची पुस्तकं घेते आणि तिला वाटतं की मी एक दिवस अक्षरं शिकेन. वाटू दे बिचारीला.

आता कामाचं. वरच्या खाणीचं तळं तुला माहीत आहे. कोळसा धुतलेलं काळं पाणी बांध घालून साठवतात ते. तू इथे होतीस तेव्हा त्यात दगड मारला तर पलीकडे जायचा. आता पलीकडचा काठ दिसत नाही. त्या बांधाच्या पायथ्याशी पाझर सुटलाय. हायरमने पाहिला. हायरमने वीस वर्षं त्याच बांधावर बुलडोझर चालवलाय, त्याला बांध कळतो. एवढं सोडलं तर त्याला दुसरं काही कळत नाही, हेही खरं.

कंपनीचा माणूस आला. म्हणाला, ‘‘आजी, हा साधा झरा आहे.’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, एक्याऐंशी वर्षं मी इथलं पाणी पितेय. शाईचा झरा अजून पाहिला नाही.’’ तो म्हणाला, लेखी तक्रार द्या. मी म्हटलं, अंगठा तुमच्या कागदावर लावू की तुमच्या शर्टावर?

गावचं वर्तमानपत्र छापत नाही. शेवटच्या पानावर दर आठवड्याला कंपनीची जाहिरात असते, मग पहिल्या पानावर आमचा बांध कसा असेल? व्हर्ना म्हणते, इंटरनेटवर बातम्यांचा कसलासा चव्हाटा आहे आणि तू तिथली बडी असामी आहेस. तू लावलेली बातमी लाखभर माणसं वाचतात. मग आमची लाव. मार्चातला पाऊस लागायच्या आत लाव. बांध फुटला तर खाली आम्ही चौदा घरं आहोत, आणि घळीला बाहेर पडायला रस्ता एकच.

तुझी, विसरलेली,
आजी


ओकलंड, कॅलिफोर्निया
२० फेब्रुवारी २००७

आजी,

पत्र वाचताना हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पण तुला वाटतं तितकं ते सोपं नाही गं. नीट सांगते.

त्या चव्हाट्यावर कुणीही बातमी आणून ठेवू शकतं. आवडली तर लोक बटण दाबून ती वर ढकलतात, नाही आवडली तर पुरतात. दिवसभरात पुरेशी वर गेली तर पहिल्या पानावर येते, नाहीतर तळाशी सडते. रोज हजारो सडतात. माझ्या सडत नाहीत, कारण मी दोन वर्षं त्यासाठी झिजलेय. सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास, आल्यावर तीन. दोनशे माणसांशी मैत्री राखलीय. त्यांनी आणलेलं सगळं मी वाचते, वर ढकलते, चार शब्द लिहिते. मग माझं आलं की ते ढकलतात. मथळा कसा लिहायचा, कुठल्या वारी किती वाजता लावायचा, सगळं शिकले. आता ‘कोल्हा-२७’ हे माझं नाव दिसलं की लोक न वाचताही ढकलतात. दिवसभर मी दातांच्या विम्याच्या तक्रारी ऐकते, आजी. माझं म्हणून काही असेल तर एवढंच आहे.

आणि तिथला एक अलिखित नियम आहे: आपल्या घरचं लावायचं नाही. स्वतःची, सोयऱ्याची बातमी ढकलताना सापडलं की नाव गेलं. मी कुठली हे तिथे कुणालाच माहीत नाही.

शिवाय नुसतं सांगणं चालत नाही, कुठेतरी छापलेलं पान लागतं, फोटो लागतात, माप लागतं. ते आहे का? नसेल तर मी काय करू?

मिस्टी


लॉरेल घळ
२६ फेब्रुवारी २००७

कोल्हीणबाई,

जगात इतकी जनावरं असताना आपल्या कोंबड्या नेणाराच सापडला का तुला?

व्हर्नाने तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. तुझा चव्हाटा मला पहिल्याच खेपेला कळला. कुणाच्या घरी मयत झाली की आपण भांडं भरून नेतो. का नेतो? प्रेमाने नेतो, आणि उद्या आपल्या दारात मयत झाली तर चुलीपाशी उभं राहायला कुणीतरी असावं म्हणूनही नेतो. तू दोन वर्षं दोनशे घरी भांडी पोचवलीस. शाबास. पण पोरी, मयत आपल्या घरी होणार असेल तेव्हा तोंड उघडायचं नाही, असा नियम कुठल्या गाढवाने केला? दुसऱ्याचं छप्पर पेटलं तरच ओरडायचं, आपलं पेटलं तर गप्प जळायचं?

माप हवं ना, घे. हायरमने बांधाच्या उतारावर लाकडी खुंट्या ठोकल्यात, ओल जिथवर चढते तिथे एक. तीन आठवड्यांत ओल दोन हात वर सरकली. पाझराचं पाणी रोज काचेच्या बरणीत धरतो आणि बरण्या कुंपणावर ओळीने मांडतो. पहिली पातळ चहासारखी आहे, कालची माझ्या तव्यासारखी. व्हर्नाने सगळ्याचे फोटो काढून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पान तयार केलंय. त्याचा पत्ता ती खाली लिहील. तिचे वरिष्ठ विचारतील तेव्हा ती काय सांगेल, ते तिचं ती बघेल.

(सांगेन की स्थानिक इतिहास आहे. — व्हर्ना)

आता तुझ्याकडे पान आहे, फोटो आहेत, माप आहे. आता काय नाही तेवढं कळव.

आजी


ओकलंड
५ मार्च २००७

आजी,

बरण्यांचा फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. मागे तुझा व्हरांडा दिसतो.

लावते. मंगळवारी, १३ तारखेला, तुमच्या घड्याळात सकाळी दहाला. पूर्वेकडची माणसं कचेरीत येऊन कॉफी घेऊन बसतात ती वेळ. तोवर आठवडाभर मी सगळ्यांचं सगळं ढकलतेय, रोज तीनशे बातम्या. डोळे सुजलेत. ज्याचं त्याचं भांडं पोचवतेय, तुझ्या भाषेत सांगायचं तर.

सगळा खेळ पहिल्या तासाचा आहे. पहिल्या तासात चाळीस जणांनी वर ढकललं तर पुढे ती आपोआप चढते. चाळीसच्या आत राहिलं तर मेली. माझे मित्र आहेत, पण त्या वेळी किती जागेवर असतील, सांगता येत नाही. लोहार म्हणून एक आहे, मिनेसोटाचा, तिथला सगळ्यात वजनदार माणूस. त्याचं माझं पटत नाही. तो माझ्या चुकाच शोधत असतो. त्याने पुरलं नाही म्हणजे मिळवली.

देवाला मानतेस ना? मग मंगळवारी दहाला मान.

मिस्टी


ओकलंड
१४ मार्च २००७

आजी,

गेलं सगळं.

बातमी पहिल्या अर्ध्या तासात नव्वदवर गेली. मी इथे खुर्चीवर उभी होते. आणि मग ती दिसेनाशी झाली. माझं नाव उघडायला गेले, तर ‘असे कुणी नाही’ म्हणून आलं. दोन वर्षांतली एक ओळसुद्धा उरली नाही.

चव्हाटा चालवणाऱ्यांचा निरोप आला. एकाच जागेवरून, आदल्या दिवशी उघडलेल्या अडतीस खोट्या नावांनी त्या बातमीला ढकललं. त्यांच्या यंत्राने ते पकडलं. वाचनालयाच्या पानाचा पत्ताही बंद केला, म्हणजे आता दुसऱ्या कुणालाही ते लावता येणार नाही. चव्हाट्यावर लोक लिहितायत की तळं खोटं, बरण्यांत काळी शाई कालवलीय. लोहाराने लिहिलं, ‘कोल्हा अखेर सापळ्यात.’

हे कंपनीचं काम आहे. मला बुडवायचं तर खोटी माणसं माझ्याच बाजूने उभी करायची, इतकं डोकं त्यांच्याकडे आहे. तिथे गावात कोण त्यांचं काम करतं, शोधा. मला नाव हवंय, आजी. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही.

मिस्टी


लॉरेल घळ
१९ मार्च २००७

मिस्टे,

पत्र पोचलं. वाईट झालं. कंपनीची माणसं काय करतील याचा नेम नाही.

इथे तीन दिवस पाऊस आहे. ओढ्याचं पाणी करडं झालंय. हायरमची सगळ्यात वरची खुंटी भिजली, आता त्याने तिच्यावर आणखी एक ठोकलीय. वरच्या वळणावरच्या लेकुरवाळ्या बाईने पोरांना माहेरी धाडलं.

तू नीट जेव. त्या नावाचं मनाला लावून घेऊ नकोस. नाव काय, पुन्हा ठेवता येतं.

आजी

(मिस्टी, पुढचं ती बोललेली नाही आणि मी तिला वाचून दाखवणार नाही. एकवीस वर्षं लोकांची पत्रं लिहितेय, असं कधी केलं नाही. ते अडतीस जण आम्ही होतो. ‘चाळीस जण लागतात’ असं तुझ्या पत्रात वाचल्यावर तुझी आजी त्याच संध्याकाळी घरोघर फिरली. सोमवारी मी सगळ्यांची खाती उघडून दिली. खरी नावं नकोत, कंपनी बघेल, म्हणून तिने प्रत्येकाला पाखराचं नाव दिलं. मंगळवारी गाडीच्या दोन फेऱ्या करून सगळ्यांना वाचनालयात आणलं. पाच कॉम्प्युटर, रांग लावून एकेकाने बटण दाबलं. शेवटी तिने दाबलं आणि म्हणाली, ‘‘आता माझ्या नातीला कळेल, भांडं घेऊन कोण कोण येतं ते.’’ तुझं पत्र आल्यापासून ती धड जेवत नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव. यंत्र कसं बघतं ते मला कळायला हवं होतं. — व्हर्ना)


ओकलंड
२४ मार्च २००७

आजी,

व्हर्नामावशी, हे सगळं मोठ्याने वाच. एक शब्द गाळू नकोस.

आजी, कंपनी नव्हती. तू होतीस. मला कळलंय.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. भांडी फोडली, खरीखुरी, दोन. मग तुझ्यावर चिडायचं कारण शोधताना माझं पत्र आठवलं. ‘चाळीस जण लागतात’ हे मी लिहिलं. ‘तुम्ही कुणी हात लावू नका’ हे लिहायचं मला सुचलंच नाही. का नाही सुचलं? कारण माझ्या हिशेबात तुम्ही नव्हतातच. मी ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत असे दोनशे जण मोजत बसले होते.

आणखी एक सांगते. गेल्या वर्षी तिथे एक विनोद आला होता, डोंगरातल्या दात पडलेल्या माणसांवर. मी तो वर ढकलला. पहिल्या पानावर गेला. त्या दिवशी मला खूप मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आता ऐक. ते म्हणतात, अडतीस खोटी माणसं. मला ती माणसं हवीत. प्रत्येकाचं खरं नाव, पाखराचं नाव, आणि घर बांधापासून किती अंतरावर आहे ते. वरून खाली, ओळीने. तुला सगळी घरं पाठ आहेत. मी माझ्या खऱ्या नावाने लिहिणार आहे, तुझी नात म्हणून. कुठे लावीन, कोण लावू देईल, माहीत नाही. पण ज्यांची नावं टाकायची त्यांना आधी विचार. कंपनीत कामाला असलेल्या कुणाचं नाव त्याच्या होकाराशिवाय द्यायचं नाही.

आणि पाऊस थांबेपर्यंत गावात जाऊन राहा. हे मी विनवत नाही, सांगतेय.

मिस्टी


लॉरेल घळ
३० मार्च २००७

मिस्टे,

व्हर्नाने चहाडी केली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलायची थांबले तरी तिचं पेन चालूच होतं. मला वाचता येत नाही. ऐकू येत नाही असंही लोक म्हणतात. पण पेनाचा आवाज मला येतो. मी गप्प बसले. जे माझ्या तोंडून निघेना ते कुणाच्या तरी हातून गेलं, बरंच झालं.

मी खोटं बोलले, पोरी. आयुष्यात नवऱ्याशी बोलले, कर वसूल करणाऱ्याशी बोलले, पण तुझ्याशी पहिल्यांदाच. तुझी दोन वर्षं मी एका बोटाने घालवली. त्या बोटाला अजून चैन नाही.

यादी घे. व्हर्ना ही आज कॉम्प्युटरवरूनच धाडेल, कागद मागून येईल. सगळ्यांना विचारलंय. दारोदार गेले, दोन काठ्या घेऊन.

बांधापासून चारशे पावलांवर हायरम नोबल, ‘घुबड’. दिवसा झोपतो म्हणून. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ आणि भावजय, ‘कबुतर’ आणि ‘कबुतरीण’. चाळीस वर्षं एकमेकांशी भांडतायत. सहाशे पावलांवर ती लेकुरवाळी ड्रेमा, ‘लावी’. तिचा नवरा कंपनीच्याच ट्रकवर आहे. तो म्हणाला, ‘‘लिहा. मी ‘ससाणा’. ट्रक दुसरीकडेही मिळतील.’’ सातशे पावलांवर मी. मी ‘कोंबडी’. तू कोल्हा म्हटल्यावर दुसरं काय होणार?

बाकीचे बत्तीस व्हर्ना खाली लिहितेय. एकानेही नाही म्हटलं नाही. एकाने अट घातली: ‘गिधाड’ बदलून द्या. त्याला ‘गरुड’ केलंय, पण तो आहे गिधाडच.

घर मी सोडणार नाही. रागवू नकोस. हायरम रोज सकाळी खुंट्या बघून माझ्या दारावरून जातो. ज्या दिवशी त्याची टोपी डोक्यावर नसून हातात असेल, त्या दिवशी मी निघेन. असं ठरलंय.

आजी


ओकलंड
७ एप्रिल २००७

आजी,

घाईत लिहितेय, हे कॉम्प्युटरवरूनच धाडतेय. व्हर्नामावशी, हे उघडताच तिच्याकडे जा.

मी सगळं लिहिलं. माझं नाव, तुझं नाव, माझी चूक, तुझी चूक, तो विनोदसुद्धा. खाली अडतीस नावं, पाखरं, पावलं. शेवटी एवढंच: ‘ही खोटी माणसं या अंतरावर राहतात. त्यांना पुरायचं की वर काढायचं, तुम्ही ठरवा.’ चव्हाट्यावर मला पाय ठेवता येत नाही, म्हणून मी ते सरळ लोहाराला पाठवलं. जो मला सर्वांत जास्त घालून पाडून बोलला त्यालाच. दुसऱ्या दिवशी त्याची एकच ओळ आली: ‘माझा बाप लोखंडाच्या खाणीत होता. नियम मोडतोय, माझं नाव गेलं तर जाऊ दे.’

त्याने स्वतःच्या नावाने लावलं. चार हजारांवर माणसांनी ढकललं, आजी. लोक तुमची नावं घेऊन बोलतायत. ससाणा कसा आहे, घुबड अजून तिथेच झोपतं का, विचारतायत. मोठ्या वर्तमानपत्राची दोन माणसं निघालीत. सरकारी निरीक्षक गुरुवारी, १२ तारखेला बांध बघणार, असा मला निरोप आहे.

गुरुवार म्हणजे अजून पाच दिवस. इथे आकाश निळं आहे आणि मी तुमच्याकडच्या पावसाचा नकाशा बघत बसलेय. हायरमकाकाच्या टोपीवर माझा भरवसा नाही. निघ.

मिस्टी


तालुक्याची शाळा, व्यायामाची मोठी खोली
१६ एप्रिल २००७

मिस्टे,

आधी हे ऐक म्हणजे तुझा श्वास सुटेल: सगळे आहेत. आता बाकीचं.

निरीक्षक गुरुवारी यायचा तो बुधवारीच आला. वर्तमानपत्रवाले आधी पोचू नयेत म्हणून असेल. हायरमने त्याला खुंट्या दाखवल्या. तो वाकून पाहत राहिला, मग उठून गाडीकडे पळाला. इतका लठ्ठ माणूस पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. दुपारपर्यंत घळ रिकामी करून सगळ्यांना इथे शाळेत आणायचा हुकूम निघाला. हायरम माझ्या दारात आला तेव्हा टोपी हातात नव्हतीच, कुठे पडली त्यालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी न्याहारीच्या वेळेला बांधाचा डावा कोपरा बसला. सगळा नाही, तळ्यातलं पाणी दोन दिवस पंपाने उपसत होते, म्हणून एवढ्यावर भागलं, असं निरीक्षक म्हणतो. तरी काळा लोंढा आला. हायरमचं घर गेलं. ड्रेमाचं अर्धं गेलं. माझ्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत गाळ आहे. त्या वेळी आत कुणी नव्हतं.

गाळ आला तशी इथे धावपळ उडाली. कुणी मागे राहिलं का, कुणी परत गेलं का, कुणाला काही कळेना. निरीक्षकाकडे माणसांची यादी नव्हती. कंपनीच्या कागदावर घळीत नऊच घरं होती. तेव्हा एका वर्तमानपत्रवाल्या मुलीने पिशवीतून तुझा कागद काढला, छापून आणलेला. निरीक्षक खुर्चीवर चढला आणि तुझ्या ओळीने नावं पुकारायला लागला, वरून खाली. हायरम नोबल. ‘‘आहे!’’ ड्रेमा. ‘‘आहे, दोन्ही पोरं माहेरी!’’ मग म्हणाला, अल्मीडा स्लोन.

मिस्टे, मी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि शाळेत कुणी माझं नाव पुकारायची ही पहिलीच वेळ. मी आपल्या काठ्याच शोधत बसले. त्याने पुन्हा पुकारलं, तसा हायरम ओरडला, ‘‘लिहा हो, आहे ती! लाजतेय!’’ मी उभी राहिले आणि हजर म्हटलं. अडतीसच्या अडतीस निघाले. गिधाडसुद्धा.

तुझं नाव तिथे परत मिळालं नाही, असं व्हर्ना सांगते. लोहाराचंही गेलं म्हणे. त्याला माझा निरोप दे: आमच्याकडे आला तर त्याला जेवल्याशिवाय सोडणार नाही, घर असो नसो. आणि तू. तुला काय सांगू? ‘पुन्हा ठेवता येतं’ असं मी नावाबद्दल म्हटलं होतं, ते उगाच म्हटलं. तसं ठेवता येत नाही. पण इथे माणसं मला येऊन विचारतात, ‘‘मिस्टीची आजी तुम्हीच का?’’ आजवर मी स्वतःच्या नावाने ओळखली जात होते. आता या वयात तुझ्यामुळे माझंच नाव गेलंय, तेव्हा फिटंफाट.

बरं, आता नीट ऐक. इथे गोड पांढरा पाव आणि गार मांसाचे काप याशिवाय काही मिळत नाही. उद्यापासून शाळेची भट्टी आम्हाला वापरायला देणार आहेत. तू मक्याचं पीठ पाठव. पांढऱ्या मक्याचं, जाडसर दळलेलं, साखर न घातलेलं, वीस पौंड. दुकानदार म्हणेल, पिवळंही तेच. त्याचं ऐकू नकोस. आणि चरबीचा एक डबा पाठव, डुकराची, भाजीच्या तेलाची नव्हे. तुमच्या कॅलिफोर्नियात मिळत नसेल तर कुणाशी तरी मैत्री कर, ती कला तुला येते. डबा वेगळ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. वाटेत चरबी पिठात झिरपली तर भाकरी बिघडते.

आजी